बोटाची खळगी

नाशिकरोडच्या आमच्या बिल्डिंगीत खालच्या मजल्यावर राहणारे काका पूर्वी इगतपुरी स्टेशनात तारा पाठवायचे. तार बंद झाली, काका रिटायर झाले, पण बोट काही थांबलं नाही. माझी भाजीवालीशी चाललेली घासाघीससुद्धा त्यांनी एकदा जिन्याच्या कठड्यावर कडकट्ट करत कुठेतरी पाठवून दिली.

गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारातून तारयंत्राच्या जुन्या किल्ल्या, म्हणजे गुंडीवर बोट दाबून तार ठोकायच्या त्या पितळी पट्ट्या, शोधून आणायच्या, चिंचेनं पितळ घासायचं, स्प्रिंग बदलून त्या पुन्हा वाजत्या करायच्या, हा त्यांचा उद्योग. एक तर देवघरात जाऊन बसलीय. काकूंनी हात टेकलेत.

परवा उत्साहाच्या भरात मी एका किल्लीची लाकडी गुंडी पॉलिशपेपरनं घासून अगदी गुळगुळीत करून दिली. काका बघतच राहिले.

"अहो, कुणीतरी जन्मभर बोट दाबून तिथं खळगी पाडली होती. तुम्ही माणूसच पुसलात की!"

मी ओशाळलो. वर त्यांनीच मला चहा पाजला.

आता रोज सकाळी ते तीच किल्ली वाजवत बसतात. "पडेल हो परत खळगी," म्हणतात.

येत्या चैत्रात त्यांना ऐंशी पूर्ण होतील.