शेजारची कोरी पायरी
तांदळाच्या पिठाचा डबा उघडला की त्या वासाबरोबर मला सासरे गेल्यानंतरचे दिवस आठवतात. लंडनच्या पिनर भागात आमच्या शेजारी एक तमिळ आजी राहतात. रोज पहाटे त्या दारापुढची पायरी धुऊन तांदळाच्या पिठाचे ठिपके घालायच्या आणि त्यांच्याभोवती एकच रेघ वळवत पुन्हा सुरुवातीला आणून मिळवायच्या. त्या पिठाला मुंग्या लागायच्या आणि तिथून थेट आमच्या किचनमध्ये यायच्या. सासऱ्यांबरोबर पुण्याहून आलेल्या माझ्या सासूबाईंना हे लक्षण काही बरं दिसेना. "आपली रांगोळी अशी नसते. ही बाई मुद्दाम काहीतरी करतेय," त्या म्हणायच्या. मी हसण्यावारी न्यायचे, पण पडद्याआडून बघायचेही. मग एका रात्रीत सासरे गेले, आणि दुसऱ्या दिवसापासून शेजारची पायरी कोरी. आठवडा उलटला, दुसराही संपत आला, तरी कोरीच. "झालं ना तिचं काम," सासूबाई म्हणाल्या, आणि या वेळी मला हसता आलं नाही. फ्युनरलनंतरच्या सकाळी ठिपके परत आले. मी तडक जाऊन आजींच्या सुनेला जाब विचारला. ती इंग्लिशमध्येच शांतपणे म्हणाली, "शेजारी मयत असलं की अंत्यविधी होईपर्यंत अम्मा कोलम, म्हणजे ही रांगोळी, काढत नाही. गावाकडे त्याच दिवशी उरकतं, इथे दोन-दोन आठवडे फ्युनरलची डेटच मिळत नाही. रोज मला विचारायची, झालं का गं त्यांचं?" आजी आता फार थकल्यात. मी अजूनही रोज सकाळी पडद्याआडून बघते, पायरी कोरी तर नाही ना.