मधलो दाखय

कोणतीही वस्तू तीन दर्जांत मिळावी आणि त्यातली मधली कोणीतरी उचलावी, एवढ्यासाठीच देवाने आमच्या मावशीच्या यजमानांना जन्माला घातलं असावं. बाजारात कसालचे हे काका सुरमईकडे बघत नाहीत आणि तारल्यांकडेही वळत नाहीत, बांगड्यापाशी थांबतात. लग्नात बसणार ते मधल्या पंगतीला. "पयल्या पंगतीत घाई, शेवटच्या पंगतीत आमटी पातळ." मावशी तीन बहिणींतली मधली, हे निराळं सांगायला नको.

उभा जन्म ओरोसच्या कचेरीत गेल्यामुळे काका माणसांशी मालवणीत आणि यंत्रांशी शुद्ध मराठीत बोलतात. कंप्युटर अडला की हात जोडून म्हणतात, "कृपया सहकार्य करावे." मावशी गेली त्याला आता दोन गणेशचतुर्थ्या झाल्या. तिच्या फुगड्यांची काकांनी वर्षानुवर्षं केलेली चित्रणं एकाच जुन्या हार्ड डिस्कवर होती, आणि ती डिस्क कुरकुरू लागली होती. "ही कधीही जाईल, नव्या तऱ्हेची डिस्क मिळते ती एसएसडी घ्या," असं मी म्हणालो तेव्हा काकांचा चेहरा उतरला. त्याच दिवशी आम्ही कुडाळला गेलो. दुकानदाराने महागातली काढायच्या आतच काका म्हणाले, "मधलो दाखय."

घरी येऊन फायली उतरवायला लावल्या. सुरुवातीला एसएसडी अशी सुसाट सुटली की काकांनी तिला "उत्तम" असा शेरा दिला. थोड्या वेळाने ती एकदम रांगायला लागली. "फसवल्यान माका," काका घाबरून म्हणाले. मी समजावलं, की मधल्या दरात असंच मिळतं; भराभर लिहायची जागा आत थोडीच असते, ती भरली की पुढचं काम सावकाश होतं, पण होतं. काकांनी विचार केला. "म्हणजे आधी सगळा ओट्यार टाकूचा, मगे माजघरात नेऊन लावूचा. माणसां तरी वेगळा काय करतत?" मग तिच्याकडे वळून, "आपण विश्रांती घ्यावी." असं थांबत थांबत सगळं उतरलं, आणि आठवड्याभरात जुनी डिस्क कायमची गप्प झाली. एसएसडी फार काळ विजेशिवाय पडून राहिली तर विसरू शकते, असं मी बोलून गेलो होतो. तेव्हापासून काका दर सोमवारी ती जोडतात.

परवाच्या सोमवारी मी तिथेच होतो. काकांनी बोट लावलं मात्र, पदर खोचलेली मावशी पडद्यावर हजर. "पुरे आता तुमचा ता शूटिंग. जेवाक चला." काकांनी लगेच बंद केलं आणि चष्मा पुसत बसले.

"वेग बरा आहे ना?" मी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं.

"बरो आसा रे. पण जुनी कुरकुर करीत रवायची, तवसर मनाची तयारी व्हायची. हो नवो तुझ्या मावशीक एकदम समोर उभी करता."

त्यांनी चष्मा लावला, पुन्हा बोट पुढे केलं आणि आयुष्यात प्रथमच यंत्राशी मालवणीत बोलले.

"वायच सावकाश रे बाबा."