उचलून घेण्याआधी

गुरुग्रामच्या सरकारी आरोग्य केंद्रात मी फ्लूची लस घ्यायला गेले होते. रांगेत माझ्यापुढच्या बाई क्षणभरही स्वस्थ बसत नव्हत्या. दारापर्यंत जायच्या, आत डोकावायच्या, परत येऊन पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहायच्या. "दवा ख़तम तो नहीं होगी?" हे सारखं मलाच विचारायच्या. त्यांची घालमेल बघून माझाही पाय हलायला लागला.

त्या मानेसरहून शेअर ऑटोनं आल्या होत्या. नातू दिवस भरण्याआधीच जन्मला होता आणि नुकताच हॉस्पिटलमधून घरी आला होता. लस घेतल्याशिवाय कुणी बाळाला उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"अभी तक गोद में नहीं लिया," त्या म्हणाल्या आणि दोन्ही तळवे माझ्यापुढे धरले.

सुई टोचली तेव्हा त्यांनी डोळेही मिटले नाहीत. लगेच विचारलं, "अब जाकर उठा लूँ?"

"माताजी, असर होने में दो हफ़्ते लगेंगे," नर्स म्हणाली.

त्या मटकन बाकावर बसल्या. "तब तक तो वो हँसने लगेगा."

नर्सनं पुढची सुई भरायला घेतली. मग त्याच उठल्या. "मास्क लगाकर, दूर से लोरी तो गा सकती हूँ?"

"हाँ, ज़ोर से गाइए."

नर्स मला हाक मारत होती, पण मी दाराकडेच बघत होते. फाटकाबाहेर, हॉर्नच्या कलकलाटात, त्या काहीतरी गुणगुणत ऑटो शोधत होत्या. एखादी ओळ अडली की थांबायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायच्या.