तिसरा खांब

लढाईच्या दिवसांत सीमेवरून ज्यांना पत्र यायचं, त्यांची नावं आमच्या कारखान्यात जेवणाच्या सुटीत पुकारायचे. टिनाच्या उंच शेडमध्ये आवाज नुसता घुमायचा. भावाच्या पत्रासाठी कान देऊन मी हैराण व्हायचो. एका म्हाताऱ्या फिटरनं मला तिसऱ्या खांबापाशी ओढलं.

"इथं उभे राहा, भैया. साफ ऐकू येते."

त्याचा मुलगा लढाईवर होता. डोळे मिटून, तळवा कानामागे धरून तो रोज तिथं उभा असायचा.

महिन्याभरानं तो पार मागच्या भिंतीशी दिसला. तिथं एक शब्द धड पोचत नव्हता.

"इथं काहून?" मी विचारलं.

"तिथं नाव घेतलं नाही, हे साफ समजते. इथं वाटते, घेतलंही असेल."

त्याचं नाव मला आजही ठाऊक नाही. एकदा तरी पुकारलं असतं, तर कळलं असतं.