सेलभाऊ आणि लाल बटण

मल्हार, ईरा, तुमच्या खेळण्यांतले सेल काढून चार्जिंगला लावणारे शेजारचे सेलभाऊ मागच्या आठवड्यात गेले. त्यांच्याबद्दलची एक गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितली नाही. ते होते तोवर त्यांनी सांगू दिली नाही. आता अडवणारं कुणी नाही, म्हणून लिहिते.

कुणाच्याही घरी गेले की भाऊ पाण्याचा पेला घेण्याआधी टीव्हीचा रिमोट उचलत, पाठीवरचं झाकण सरकवत आणि सेलांची जोडी बघत. एक जुना, एक नवा दिसला की त्या घराची खैर नसे. "म्हातारा बैल आन् गोऱ्हा एका जुवाला जुपता व्हय? म्हातारा तरन्यालाबी बसवतोय!" नागापूरच्या कारखान्यात त्यांनी फिटर म्हणून उमर काढली होती, निवृत्तीनंतर ती सारी हुशारी चार्जिंगच्या सेलांत गेली. सेल चार्जरमध्ये असले की म्हणत, "पोरं जेवाया बसलीत, उठवू नगा."

लोकांना ती हौस वाटे. पण त्यांच्या बायकोचं, सरूवहिनींचं, उजवं अंग अर्धांगवायूनं गेलं होतं. वाचाही गेली होती. डावा हात तेवढा चाले. भाऊंनी सगळ्या यंत्रांना चालणारा एक मोठा रिमोट आणला. टीव्ही, पंखा, दिवा, सगळं त्यावर. आणि लाल बटण दाबलं की स्वयंपाकघरात घंटा. त्यात प्रत्येक यंत्राचे ठरलेले आकडे भरायचे होते, तेव्हा सोबतचा इंग्रजी कागद वाचायला मला बोलावलं. मी दोनदा चुकले.

"बाई, तुमी जन्मभर इंग्रजी शिकिवलं, आन् ह्या कागदाफुडं तुमीबी नापास!"

वहिनींचा अर्धा चेहरा हसला. घंटा लागली तेव्हा त्यांनी ती सात-आठ वेळा वाजवली, आणि दर वेळी भाऊ "आलो गं" म्हणत स्वयंपाकघरातून धावत आले.

त्या रिमोटला एक खोड होती. सेल काढून थोडा वेळ गेला की तो भरलेले आकडे विसरे, आणि मग त्याच्यावर ना टीव्ही चाले, ना घंटा. म्हणून भाऊ दुसरी जोडी हातात तयार धरत आणि श्वास रोखून सेल बदलत.

एकदा त्यांना नेवाशाला भावाकडे जायचं होतं. मला वहिनींपाशी बसवून, सेल झटक्यात बदलायचे हे बजावून ते गेले. दुपारी वहिनींचा डोळा लागला होता, तेव्हा रिमोट मंद वाटला. मला माझ्या टापटिपीचा मोठा अभिमान. सेल काढले, आतली धूळ कापसानं टिपली, बटणं पुसली आणि मग सावकाश भरलेली जोडी घातली. बटण दाबताच रिमोटवरचा बारीक दिवा लागला. झालं काम, असं समजून मी स्वयंपाकघरात मेथी निवडत बसले. घंटा वाजली नाही. वाटलं, वहिनी अजून झोपल्या असतील. तासाभरानं खोलीत गेले तर अंथरूण ओलं, डोळ्यांना धार आणि अंगठा अजून लाल बटणावर.

भाऊ परतले. रिमोट हातात घेऊन लाल बटण दाबताच त्यांनी काय झालं ते ओळखलं. मी तोंड उघडायच्या आत वहिनींजवळ बसून म्हणाले, "सरू, चूक माझी. निघताना घाईत सेल बदलले आन् आकडे भरायचे राह्यले बघ."

वहिनींनी मान भिंतीकडे फिरवली.

बाहेर येऊन मी म्हटलं, "भाऊ, मी आत्ता जाऊन खरं सांगते."

"न्हाई सांगायचं. मी भायेर गेलो की तिला तुमीच हायेत. तुमच्यावरचा इश्वास उडाला तर तिनं कुनाच्या हातनं पानी प्यायचं? माझ्यावर रुसंल. रुसू द्या. नवरा हाय मी तिचा."

मी गप्प बसले. तेव्हा ते शहाणपण वाटलं. आता भित्रेपणा वाटतो. भाऊंनी आकडे पुन्हा भरले, पण वहिनींनी त्यांच्यासाठी ते बटण परत कधी दाबलं नाही. ते स्वयंपाकघरात कान लावून बसत. मी गेले की मात्र वहिनी डाव्या हातानं माझा हात घट्ट धरत. दोन महिन्यांनी त्या गेल्या, भाऊंवर रुसलेल्याच.

पुढे एकदाच मी विषय काढला. भाऊ खाली बघत म्हणाले, "शेवटपतुर तुमच्या हातनं जेवली ना, बाई? मंग झालं."

आता दोघंही नाहीत. घराला कुलूप आहे. त्या दुपारची चूक भाऊंची नव्हती, माझी होती. हे ठाऊक असलेली मी एकटीच उरले होते. आता तुम्हालाही ठाऊक आहे.