कोपऱ्याला आणलेला जुना गडी

राव, रविवारी चाकणला कबड्डीच्या मॅच आहेत आणि आमच्या संघाला उजव्या कोपऱ्याला माणूसच नाही. चांगले गडी परवडत नाहीत.

शेवटी आज सकाळी एका जुन्या खेळाडूला अक्षरशः हात जोडले. वय चाळीस, गुडघ्याच्या ऑपरेशनला वर्षही झालं नाही. दादा म्हणाले, "येण्याजाण्याची सोय करा, बास. फक्त फोटो टाकू नका. घरी म्हाईत न्हाई."

सरावात त्यांनी आमच्या दोन्ही रेडरना घोटा धरून पाडलं. आम्ही शिट्ट्या मारल्या आणि वरच्या खोलीत नेऊन स्पर्धेच्या फॉर्मवर त्यांची सही घेतली.

मग दादा जिना उतरले. कठडा धरून, तिरके होत, एकेक पायरी.

मी बघितलं, आणि फॉर्म खिशात घातला.

रविवारी दादा खेळणार, म्हणून इथं त्यांचं नाव नाही. खरं सांगा, तुम्ही तो फॉर्म फाडला असता?