जालिंदर लाइनमनचं जीपीएस

जालिंदर साळवे कुठलीही वस्तू झटकन घेत नाही, हे तेलगावात सगळ्यांना ठाऊक आहे. घरात मिक्सर यायला दोन उन्हाळे लागले, कारण पहिल्या उन्हाळ्यात त्याला एकाही भांड्याचं झाकण पसंत पडलं नव्हतं. उभं आयुष्य विजेच्या खांबांवर गेलेलं. तार बंद आहे असं दहा जणांनी शपथेवर सांगितलं तरी स्वतः तपासल्याशिवाय हात लावायचा नाही, ही त्याची खोड. त्या खोडीमुळे तो आज स्वतःची पेन्शन स्वतः खातो. त्याच्याबरोबर नोकरीला लागलेल्या दोघांची पेन्शन त्यांच्या बायका खातात.

अशा माणसानं यंदा उन्हाळ्यात हातात धरायचं जीपीएस घेतलं, तेही एका दिवसात. गावानं ठरवून टाकलं की म्हाताऱ्याला मासेमारीचा नाद लागला. जालिंदरनं कुणाचा गैरसमज दूर केला नाही. तो मासे खात नाही, काट्यांचा भरवसा नसतो असं त्याचं मत आहे.

खरी गोष्ट वेगळी होती. माजलगावचं धरण भरलं तेव्हा त्याचं खळेगाव पाण्याखाली गेलं. त्याच्या आदल्या वर्षी जालिंदर आणि मालनबाईचं पहिलं लेकरू तापानं गेलं होतं. मुलगी होती, तीन महिन्यांची. ओढ्याकाठी तिला पुरलं, वर काळा दगड ठेवला. मग पाणी आलं आणि गाव, ओढा, दगड यांतलं काही उरलं नाही. पुढे पवन झाला, त्याच्या पाठीवर सुजाता झाली. संसार झाला. पहिलीचा विषय मालनबाईनं कधी काढला नाही, आणि जालिंदरनंही नाही. दुखतं तिथं हात लावायचा नाही, एवढं दोघांनाही कळत होतं.

यंदा धरण पार तळाला गेलं. जुन्या गावाच्या भिंतींचे पाये उघडे पडले. एका सकाळी भाकरी थापता थापता मालनबाई म्हणाली, "तिकडं जाऊन येऊ का?" कुठं, ते जालिंदरनं विचारलं नाही. पायात चपला घातल्या.

पहिल्या फेरीत काही सापडलं नाही. ओढा गाळानं भरलेला, सगळीकडे भेगाळलेली सारखीच जमीन. दुसऱ्या फेरीत त्यांना जुनी विहीर सापडली. तिसऱ्या फेरीत मालनबाई विहिरीपासून सरळ चालत गेली, एका काळ्या दगडापाशी थांबली आणि खाली बसली.

"ह्योच," ती म्हणाली.

"कशावरनं?" जालिंदरनं सवयीनं विचारलं.

मालनबाईनं वर पाहिलं. तपासल्याशिवाय जालिंदरनं मान्य केलेली आयुष्यातली ती एकमेव गोष्ट.

निघताना ती म्हणाली, "वरनं कालव्याचं पाणी धरणात सोडणार म्हणतेत. परत सगळं बुडंल. आता जागा घावलीय, परत हरवू देऊ नका. वर पाणी असलं तर असू द्या. होडीतनं येऊ, पण आपण तिच्या डोक्यावर हाव का दुसरीकडंच, हे मला कळाया पायजे."

बायकोनं संसारात फार काही मागितलं नव्हतं. जे मागितलं ते हे. जालिंदर त्या रात्री उपाय शोधत बसला.

खांब रोवावा तर गाळ नेणारे ट्रॅक्टर तो पहिल्या दिवशी उपटणार. पुण्याहून पवन फोनवर म्हणाला, "बाबा, मोबाईलमध्ये जागा सेव्ह करा, कशाला खर्चात पडता?" जालिंदरला मोबाईल मंजूर नव्हता. दर दोन-तीन वर्षांनी तो बदलायचा, जुन्यातलं नव्यात येईल याची खात्री कुणी द्यायची? शिवाय मागचा मोबाईल पाण्याच्या बादलीत पडून गेला होता, आणि इथं तर अख्खं धरण होतं.

म्हणून तो बीडला, जमीन मोजणाऱ्यांचं सामान विकणाऱ्या अंगदच्या दुकानात गेला. अंगदनं काचेवर तीन यंत्रं मांडली आणि विचारलं, "काका, कशासाठी पाहिजे? डोंगर चढायला, मासेमारीला, का जिओकॅशिंगला?"

"ते शेवटचं काय असतं?"

"लोक कुठंतरी डबी लपवतात आणि त्या जागेचे आकडे जाहीर करतात. दुसरे लोक यंत्र घेऊन ती शोधत जातात."

"घावल्यावर घरी नेतेत?"

"नाही. बघायची आणि परत होती तिथंच ठेवायची."

जालिंदरनं विचार केला. हे लोक त्याला शहाणे वाटले. पण त्यांच्याबद्दल बोलायला लागलं तर आपल्याबद्दल बोलावं लागेल, म्हणून तो म्हणाला, "मासेमारीला द्या."

पहिलं यंत्र देखणं होतं, पण काचेला बोट लावून चालवायचं. जालिंदरनं पाण्यात बोट बुडवून त्यावर फिरवलं. पडदा भलतीकडेच पळाला. ते बाद. दुसऱ्याला बटणं होती, पण ते चार्जरवर चालायचं, आणि विजेवर किती विसंबावं हे विजेच्या माणसाला सांगायला नको. तिसरं जाडजूड, पिवळं, पेन्सिल सेलवर चालणारं. "पाण्यात पडलं तर तरंगतं," अंगद म्हणाला. जालिंदरनं बादली मागवली. यंत्र तरंगलं. मग त्यानं बसस्टँडसमोरच्या चहाच्या गाड्याची जागा त्यात नोंदवली, लांब चक्कर मारली आणि खाली मान घालून, फक्त यंत्राकडे बघत परत आला. गाड्याला गुडघा आपटला तेव्हा त्याचं समाधान झालं. तरी खात्रीसाठी आणखी दोनदा केलं. गाडेवाल्यानं तिन्ही वेळा चहा दिला आणि तिसऱ्यांदा तब्येत विचारली.

जागा कशी नोंदवायची, ते अंगदनं करून दाखवलं. हे बटण, मग हे, मग माशाचं चित्र, मग इंग्रजी अक्षरांत नाव. दाखवण्यापुरतं त्यानं 'मासे' असं नाव टाकलं. जालिंदरनं क्रम पाठ केला. कामात एक पायरी इकडची तिकडे झाली की माणूस मरतो, हे त्याच्या हाडात मुरलेलं होतं. त्यामुळे दुसऱ्या दिवशी दगडापाशी उभं राहून त्यानं शिकवलेल्या क्रमानं सगळं केलं, एकही पायरी न गाळता.

घरी आल्यावर मालनबाईनं यंत्र हातात घेतलं. "ह्ये काय हाय?"

"मासा."

"आन् खाली काय लिवलंय?"

जालिंदरला खोटं बोलता येत नाही. "मासे," तो म्हणाला.

मालनबाईनं यंत्र टेबलावर ठेवलं. "मी माझ्या लेकीची जागा ठिवायला सांगितली हुती," ती म्हणाली. जालिंदरला इतकी लाज वाटली की त्यानं टोपी काढून परत घातली.

"बदलता येतंय," तो घाईनं म्हणाला. "सांग तू. काय नाव टाकू?"

आणि तिथंच सगळं अडलं. लेकीला नाव नव्हतंच. साळव्यांच्या घरात आत्यानंच लेकराच्या कानात नाव सांगायचं, आणि आत्या म्हणजे जालिंदरची थोरली बहीण यशोधरा, घाटनांदूरला दिलेली. ती तेव्हा स्वतःच बाळंतीण होती. ती हिंडती-फिरती झाली की बारसं करू म्हणून सगळे थांबले. लेकरू थांबलं नाही.

"आक्काला बोलवा," मालनबाई म्हणाली.

आक्का एसटीनं आली. तोवर कालव्याचं पाणी सुटलं होतं. धरणाच्या कडेपर्यंत रिक्षा नेली, पुढं आक्काचे गुडघे जसे चालतील तसं चालायचं. विहिरीत पाणी चढू लागलं होतं. जालिंदर यंत्राकडे बघत पुढे, दोघी मागे. यंत्रानं त्यांना बरोबर दगडापाशी आणून उभं केलं.

आक्का कण्हत खाली बसली. "नाव मी तवाच ठरीवलं हुतं," ती म्हणाली. "कुणाला सांगाया तोंड न्हवतं. माझी पोरगी मांडीवर आन् तुमची गेलती."

मग ती दगडावर वाकली, हाताचा आडोसा केला, नाव सांगितलं आणि मोठ्यानं म्हणाली, "कुर्रर्र!"

आत्या 'कुर्रर्र' म्हणाली की बायांनी तिच्या पाठीत गुद्दे घालायचे, अशी रीत आहे. तिथं बाई एकच होती. मालनबाईनं एक घातला, दुसरा घातला आणि मग ती थांबेना. रीतीपुरते घालायचे त्याहून कितीतरी जास्त घातले. आक्कानं पाठ हलवली नाही. सगळे खाल्ले. मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या, आणि जालिंदर जवळ उभा राहून रडला. त्याला दुसरं काही सुचलं नाही.

"नाव सांग आक्का," डोळे पुसून तो म्हणाला. "टाकतो."

"प्रियदर्शनी. सम्राट अशोकाला प्रियदर्शी म्हणायचे, त्याच्यावरनं."

जालिंदरनं यंत्राकडे पाहिलं. एकेक अक्षर बाणाचं बटण दाबत शोधायचं होतं. "प्रिया टाकू का?"

"पुरं लिवा," मालनबाई म्हणाली.

जालिंदरनं पुरं लिहिलं. फार वेळ लागला. माशाचं चित्र काढून टाकलं. दुसऱ्या चित्रांत झेंडा होता, खोपटं होतं, फूल नव्हतं. त्यानं झेंडा ठेवला.

आठवड्याभरात जागा बुडाली. पुढच्या महिन्यात शेजारच्या खोलीत एका मास्तरांचं बिऱ्हाड आलं. मास्तरीणबाई ओळख करून घ्यायला आल्या, चहा झाला. लेकरं किती, त्यांनी विचारलं.

"तीन," मालनबाई म्हणाली. कपबशा तिनं शांतपणे गोळा केल्या. "थोरली प्रियदर्शनी, मग पवन, मग सुजाता."

"थोरली कुठं असते?"

मालनबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. जालिंदर उठला, कपाटातून पिवळं यंत्र काढलं आणि दाराकडे निघाला.

"सांगतो," तो म्हणाला. "जरा अंगणात या. ह्याला आभाळ दिसल्याबिगर सांगता येत न्हाई."